तळावरचे दिवस : दिल्लीच्या सीमांवरील शेतकरी आंदोलनाचे दैनंदिन जीवन आणि त्याचे चित्रण

चळवळ आणि साहित्य यांच्या परस्परसंबंधांचा विचार मराठी समीक्षेने विपुल केला आहे. या विचाराची नजर मात्र बहुधा चळवळीतील उत्कट क्षणांवर स्थिरावलेली दिसते. घोषणा, शाहिरी, सभेतील भाषण, लाठीमार, तुरुंग आणि हौतात्म्य या गोष्टी समीक्षेला दखलपात्र वाटतात. आंदोलकांनी सकाळी पाणी कोठून आणले, पोळ्या कोणी लाटल्या, भांडी कोणी घासली, तापाने फणफणलेल्या माणसाजवळ रात्रभर कोण बसले, हे प्रश्न तपशिलाचे, फार तर तळटीपेच्या योग्यतेचे मानले जातात. चळवळीचा आशय एकीकडे आणि तिची व्यवस्था दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. ती कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी वाचकाला परिचित असलेले एक उदाहरण येथे घेता येईल. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेसाठी पिण्याचे पाणी ४० रुपये देऊन विकत घ्यावे लागले होते. चवदार तळ्यावरील कृती सर्वज्ञात आहे. या ४० रुपयांच्या पाण्याचा उल्लेख मात्र ओझरता होतो. वस्तुतः मांडवातील माठ कसे भरायचे हा व्यवस्थेचा प्रश्न आणि तळ्यावर हक्क कोणाचा हा तत्त्वाचा प्रश्न, हे तेथे दोन प्रश्न नव्हतेच. पंजाबच्या इतिहासातही असाच दाखला सापडतो. ऑगस्ट १९२२ मध्ये अमृतसर जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘गुरू का बाग’ मोर्चाचे निमित्त लंगरच्या चुलीसाठी तोडलेले सरपण हे होते. सरपण तोडणाऱ्यांवर चोरीचा गुन्हा दाखल झाला आणि त्यातून अहिंसक प्रतिकाराचे एक मोठे पर्व उभे राहिले. पाणी आणि सरपण या दोन्ही गोष्टी स्वयंपाकघरातल्या आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील विवेचनाची दिशा स्पष्ट होईल.

२६ नोव्हेंबर २०२० ते ११ डिसेंबर २०२१ या काळात दिल्लीच्या सिंघू, टिकरी आणि गाझीपूर या सीमांवर, तसेच राजस्थान-हरियाणा सीमेवरील शाहजहानपूर येथे शेतकऱ्यांनी तळ ठोकला. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने संमत केलेले तीन कृषी कायदे रद्द व्हावेत, ही त्यांची प्रमुख मागणी होती. या आंदोलनाची राजकीय व आर्थिक चिकित्सा भरपूर झाली आहे आणि तिची येथे पुनरावृत्ती करण्याचे कारण नाही. प्रस्तुत विवेचन या तळांवरील दैनंदिन जीवनापुरते आणि त्याचे चित्रण कसकसे झाले एवढ्यापुरते मर्यादित आहे.

मोर्चा, तळ आणि ट्रॉली

प्रारंभी एका शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. मराठीत ‘मोर्चा’ म्हटले की चालत जाणारा, निवेदन देणारा आणि संध्याकाळी परतणारा जनसमूह डोळ्यांसमोर येतो. मोर्चा निघतो, मोर्चा अडवला जातो, मोर्चा विसर्जित होतो. पंजाबीत ‘मोर्चा लावला’ जातो. युद्धात सैन्य ठाण मांडून बसते ती जागा, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ तेथे अजून जिवंत आहे. मराठीत तो ‘मोर्चेबांधणी’सारख्या शब्दात शिल्लक राहिला आहे. दिल्लीच्या सीमेवर जे घडले त्याला मराठी वृत्तपत्रे ‘मोर्चा’ म्हणत नव्हती आणि ते योग्यच होते, कारण आपल्या अर्थाने तो मोर्चा नव्हता. चालणाऱ्या माणसाला शिदोरी पुरते. ठाण मांडणाऱ्याला चूल लागते, अंथरूण लागते, संडास लागतो, कपडे वाळत घालायला दोरी लागते. एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये संसाराचे एवढे सामान आहे.

या संसाराचे केंद्र होते ट्रॅक्टरची ट्रॉली. एरवी ती गहू-भात बाजार समितीत नेते. पश्चिम महाराष्ट्रात तीच ऊस कारखान्यावर नेते. येथे तिच्यावर ताडपत्री चढली, तळाशी पेंढा पसरला गेला, त्यावर गाद्या आल्या, काही ट्रॉल्यांमध्ये फळ्या ठोकून दोन मजले झाले. शेतमाल वाहणारे वाहन घर झाले. उत्पादन आणि निवारा यांतली सीमारेषा शेतकऱ्याच्या जीवनात मुळातच पुसट असते. ट्रॉलीने ती डोळ्यांना दिसेल अशी पुसली. आपल्याकडे साखर कारखान्याच्या आवारात दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचे तळ पडतात. तेथेही बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, चूल आणि बिछाना यांचा असाच शेजार असतो. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की कोपीत राहणे हा नाइलाज असतो, तर ट्रॉलीत राहणे हा निर्णय होता. सहानुभूतीने लिहिणाऱ्या पुष्कळ वार्ताहरांनी ट्रॉलीतील जीवनाचे वर्णन करताना या निर्णयापेक्षा हालअपेष्टांवर भर दिला आणि त्यामुळे आंदोलक वर्णनात विस्थापितांसारखे दिसू लागले.

तळांना पत्तेही होते. टिकरी येथील तळ मेट्रोच्या उन्नत मार्गाखालून किलोमीटरच्या किलोमीटर पसरला होता आणि तेथे मेट्रोच्या खांबाचा क्रमांक हाच मुक्कामाचा पत्ता होता. अमुक गावची ट्रॉली अमुक क्रमांकाच्या खांबाजवळ, असे सांगितले की माणूस सापडे. पंढरीच्या वारीत दिंडीचा क्रमांक जे काम करतो तेच हे काम. टिकरीकडेच भारतीय किसान युनियन (एकता उग्राहां) या संघटनेच्या तळाचे भाग पाडून त्यांना ‘नगर’ म्हटले गेले आणि गदर चळवळीतील गुलाब कौर, भगतसिंग यांचे काका अजितसिंग यांची नावे त्यांना देण्यात आली. महानगराने विकासाची खूण म्हणून उभारलेल्या खांबांच्या सावलीत शेतकऱ्यांनी आपला नकाशा काढला. यात उपरोध होता, परंतु तो कोणी योजलेला नव्हता. गरजेतून आलेला होता.

दिवसाची रीत साधारण ठरून गेली होती. पहाटे चहा, मग आंघोळीसाठी लाकडावर तापणाऱ्या बंबाभोवती रांग, सकाळचा लंगर, दुपारपर्यंत व्यासपीठावरील भाषणे, पुन्हा लंगर, उन्हात बसून वर्तमानपत्राचे सामूहिक वाचन, गावी फोन, संध्याकाळी शेकोटी, रात्री आळीपाळीने पहारा. पीठ, दूध, भाजी गावांकडून येई; हरियाणातील जवळच्या गावांचा यात मोठा वाटा होता. पहारा केवळ पोलिसांच्या भीतीने नव्हता, तळात कोणी घुसून गोंधळ घालू नये यासाठीही होता. स्त्रियांच्या दृष्टीने या दिनक्रमाचा सर्वांत कठीण भाग स्वच्छतागृहाचा होता. पेट्रोलपंप आणि परिसरातील रहिवाशांची घरे यांचा आधार घ्यावा लागे, आणि त्यासाठी पाणी कमी पिणे हा जुनाच उपाय तेथेही आला. व्यासपीठावरील भाषणांची संकलने प्रसिद्ध होतात. पाणी कमी पिण्याचे संकलन होत नाही.

लंगर ही या दिनक्रमाची कणा असलेली संस्था. शीख परंपरेत संगत आणि पंगत यांना सारखेच महत्त्व आहे. एका ओळीत बसून जेवणे ही उपासनेचाच भाग असते आणि त्यासाठी केलेले श्रम ‘सेवा’ या नावाने प्रतिष्ठित होतात. त्यामुळे येथे स्वयंपाक व्यवस्थेच्या खात्यात टाकता येत नव्हता. घरी चुलीकडे न फिरकणारे पुरुष येथे कणीक मळत होते, कांदे चिरत होते, भांडी घासत होते. वृत्तपत्रांनी या दृश्याची छायाचित्रे आवडीने छापली. ती छापताना एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. ‘सेवा’ म्हणून जे श्रम पुरुषाला प्रतिष्ठा देतात, तेच श्रम घरी रोजचे ‘काम’ म्हणून स्त्रीला कोणतीच प्रतिष्ठा का देत नाहीत? तळाने हा प्रश्न उपस्थित केला, पण त्याचे उत्तर तळावर मिळणे शक्य नव्हते.

सहल आणि त्याग

या दैनंदिन जीवनाचे चित्रण प्रामुख्याने दोन रीतींनी झाले. पहिली रीत आरोपाची. डिसेंबर २०२० मध्ये एका लंगरमध्ये पिझ्झा वाटला गेला. पोळ्या करणारी यंत्रे, कपडे धुण्याची यंत्रे, थकलेल्या पायांना मालीश करणारी यंत्रे तळांवर आली. आणि ही सहल आहे, हे खरे शेतकरी नव्हेत, असा सूर काही दूरचित्रवाहिन्यांवर आणि सत्ताधारी गोटात उमटला. या आरोपामागे शेतकऱ्याची एक साहित्यिक प्रतिमा उभी आहे, हे समीक्षकाने ओळखले पाहिजे. शेतकरी म्हणजे फाटक्या धोतरातला, आभाळाकडे डोळे लावून बसलेला माणूस. ही प्रतिमा घडविण्यात आपल्या कथा-कादंबऱ्यांचा, चित्रपटांचा आणि शालेय पाठ्यपुस्तकांचा वाटा थोडाथोडका नाही. करुणेने रंगविलेले चित्रच पुढे पुरावा म्हणून वापरले जाते : जो या चित्रात बसत नाही, तो शेतकरी नाही. ज्या यंत्राने दहा-पंधरा माणसांचे हात पोळ्यांतून मोकळे होतात ते यंत्र वापरणे ही चैन ठरते, आणि त्याच शेतकऱ्याने भाताचे शेत यंत्राने कापले तर ती प्रगती ठरते.

दुसरी रीत गौरवाची. तिच्यात तळ म्हणजे जणू एक नवे नगर, जात-धर्म-लिंग यांच्या पलीकडे गेलेला समाज, कडाक्याच्या थंडीत फुललेला त्यागाचा मळा. सद्भावनेने लिहिलेल्या अनेक लेखांत आणि पुस्तकांत ही रीत आढळते. तिच्यातील तपशील खोटे नाहीत. ग्रंथालये होती, दवाखाने होते, मुलांचे वर्ग होते. डिसेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात दिल्लीतच शाहीनबाग येथे झालेल्या धरण्यात बसथांब्यावर ‘फातिमा शेख-सावित्रीबाई फुले’ यांच्या नावाने ग्रंथालय चालले होते आणि गाझीपूरच्या तळावर कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी सावित्रीबाई फुले यांच्याच नावाची पाठशाळा भरली. पुण्यात एकत्र काम केलेल्या दोन शिक्षिकांची नावे दिल्लीच्या रस्त्यावर अशी उमटावीत, याची नोंद मराठी नियतकालिकांनी अधिक ठळकपणे घ्यायला हवी होती. तथापि गौरवाच्या रीतीत एक दोष राहतोच. ती कामाचे रूपांतर चमत्कारात करते. लंगर ‘अखंड चालू होता’, रस्ते ‘स्वच्छ होते’, मुले ‘शिकत होती’ : क्रियापदे आहेत, कर्ते गळाले आहेत. आरोपाची रीत आणि गौरवाची रीत परस्परविरोधी वाटतात. व्याकरणाच्या दृष्टीने त्या सख्ख्या बहिणी आहेत.

या आंदोलनाचे खरे शस्त्र कालावधी हे होते. सरकारपाशी पोलीस होते, आंदोलकांपाशी थांबण्याची क्षमता होती. आणि थांबण्याची क्षमता भाषणातून येत नाही. ती गावाच्या मागच्या बळावर अवलंबून असते. नोव्हेंबरमध्ये शेतकरी निघाले ते बहुतेक गव्हाची पेरणी उरकून. एप्रिलमध्ये गहू कापणीला आला तेव्हा तळ विरळ झाले आणि पुन्हा भरले. यासाठी पाळ्या लावाव्या लागल्या. जानेवारी २०२१ च्या अखेरीस भटिंडा जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीने प्रत्येक घरातून एकाने आठवडाभर तळावर गेले पाहिजे, न गेल्यास १५०० रुपये दंड, असा ठराव केला. दंडाची ही तरतूद गौरवपर लेखनाला अडचणीची वाटते, कारण तिने स्वयंस्फूर्तीच्या चित्राला तडा जातो. परंतु वर्षभर चालणारी कोणतीही सामूहिक गोष्ट, मग ती गावची यात्रा असो की पाणीवाटप संस्था, निव्वळ स्फूर्तीवर चालत नाही, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते. जे आठवडाभर तळावर गेले त्यांच्या शेताला त्या आठवड्यात पाणी कोणी दिले आणि जनावरांचे शेण कोणी काढले, हाही या आंदोलनाच्या दैनंदिन जीवनाचाच भाग आहे. तो मात्र दिल्लीपासून दोन-तीनशे किलोमीटरवर घडत असल्यामुळे छायाचित्रकारांच्या टप्प्याबाहेर राहिला.

ही कामे करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीच्या वेळी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी स्त्रिया आणि वृद्ध यांना आंदोलनात का ठेवले आहे, अशी विचारणा केली आणि त्यांनी परत जावे असे सुचविले. या विचारणेत काळजी असेलही. परंतु तिचे वाक्यरूप पाहावे : स्त्रिया तेथे ‘आलेल्या’ नाहीत, त्यांना ‘ठेवलेले’ आहे. तळावरील स्त्रियांनी हा अर्थ तत्काळ ओळखला. आम्हाला कोणी ठेवलेले नाही, आम्ही शेतकरी म्हणून आलो आहोत, असा प्रतिवाद त्यांनी केला आणि १८ जानेवारी हा दिवस महिला किसान दिन म्हणून पाळला गेला. मार्च २०२१ मध्ये ‘टाइम’ या अमेरिकी नियतकालिकाच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीच्या मुखपृष्ठावर टिकरीच्या स्त्रिया झळकल्या. शेतकरी स्त्री ही शेतकरी असते की शेतकऱ्याची बायको, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे चांदवड येथे अधिवेशन झाले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून स्त्रियांच्या नावे जमीन करण्याचा प्रयत्न झाला. सातबाऱ्यावर नाव नसलेली स्त्री न्यायालयाच्या भाषेत ‘ठेवलेली’ होते, हा त्या वादाचा तीन दशकांनंतरचा प्रत्यय म्हणावा लागेल.

चार पानांचे वृत्तपत्र

बाहेरच्यांनी केलेल्या चित्रणाच्या पार्श्वभूमीवर तळाने स्वतःविषयी काय लिहिले, हे पाहणे उद्बोधक ठरते. १८ डिसेंबर २०२० रोजी ‘ट्रॉली टाइम्स’ या नावाचे चार पानी वृत्तपत्र निघू लागले. पंजाबी आणि हिंदी मजकूर, छायाचित्रे, रेखाचित्रे, कविता, तळावरील घडामोडी असे त्याचे स्वरूप होते आणि ते काढणारी मंडळी बहुतांशी तरुण होती. त्याच्या जन्माची दोन कारणे सांगितली जातात. एक, मोठ्या प्रसारमाध्यमांवरील अविश्वास. दुसरे कारण अधिक साधे आणि अधिक महत्त्वाचे आहे. तळ इतका लांब पसरला होता की व्यासपीठावर काय बोलले जाते हे मागच्या ट्रॉल्यांपर्यंत पोहोचत नव्हते. म्हणजे बाहेरच्या जगाला उत्तर देण्याइतकेच, तळाच्या एका टोकाला दुसऱ्या टोकाची खबर देणे हे या पत्राचे काम होते.

या दुसऱ्या कारणामुळे त्याच्या भाषेत आणि रचनेत फरक पडतो. बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना लंगर म्हणजे काय हे सांगावे लागते, थंडीचे वर्णन करावे लागते, डोळ्यांत पाणी आणावे लागते. शेजारच्या ट्रॉलीतल्या वाचकाला थंडी सांगण्याची गरज नसते. त्याला हवी असते बातमी. अशा पत्रात दैनंदिन जीवन वर्णनाचा विषय राहत नाही, बातमीचा विषय होते; आणि बातमीत कर्ता लागतो, स्थळ लागते, वार लागतो. गौरवाच्या रीतीत जो कर्ता गळतो तो येथे व्यवहाराच्या गरजेने परत येतो. त्याचे नावही विचार करण्यासारखे आहे. जगभर वर्तमानपत्रे ‘टाइम्स’ म्हणवून घेतात ती काळावर आपला अधिकार सांगण्यासाठी. ट्रॉलीचा काळ म्हणजे पेरणी, कापणी, बाजार समितीतील रांग. या दोन शब्दांच्या जोडणीत थोडी थट्टा आहे, आणि बराच हक्कही आहे.

वाङ्मयीन निकष कठोरपणे लावले तर अशा पत्रातील कवितांचा दर्जा असमान ठरेल, हे मान्य केले पाहिजे. आंदोलनातील नियतकालिकांचे असे मूल्यमापन करणारे समीक्षक आपल्याकडेही आहेत आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. घोषणेच्या जवळ गेलेली कविता प्रसंग सरला की कोमेजते. तथापि हे पत्र कवितासंग्रह म्हणून वाचणे हीच मुळात चुकीची वाचनपद्धती होय. दुपारच्या उन्हात एकजण मोठ्याने वाचतो आणि आठजण ऐकतात, त्यातल्या दोघांना अक्षरओळख नसते, ही त्याच्या वाचनाची परिस्थिती होती. ती वगळून केलेले मूल्यमापन अपुरेच राहणार.

मौन कोठे आहे?

कर्त्याचा आग्रह धरायचा तर तो तळाच्या बाजूनेही धरला पाहिजे. पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३२ टक्के, देशात सर्वाधिक आहे. शेतजमिनीतील त्यांचा वाटा मात्र अत्यल्प आहे. अनेक गावांत गुरुद्वारे आणि स्मशाने वेगळी आहेत. जमीनमालक शेतकरी तळावर आठवडाभर बसला तर त्याच्या पिकाची काळजी घरची आणि मजुराची माणसे घेतात. मजूर आठवडाभर बसला तर आठवड्याची मजुरी जाते. कालावधी हे शस्त्र असेल तर ते सर्वांच्या हाती सारखे नव्हते. याची जाणीव काही संघटनांना होती. २१ फेब्रुवारी २०२१ रोजी बरनाला येथे शेतकरी आणि शेतमजूर यांची संयुक्त महासभा झाली. सिंघूलगतच्या कुंडली औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या थकीत वेतनासाठी लढणारी दलित कार्यकर्ती नोदीप कौर हिला जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली तेव्हा तिच्या सुटकेची मागणी तळांवरून झाली. तरीही ‘सर्व भेद गळून पडले’ हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंघू येथे व्यासपीठाजवळ एका दलित मजुराची निर्घृण हत्या झाली. त्याआधी मे महिन्यात, टिकरी येथे आलेल्या आणि कोविडने मृत्यू पावलेल्या पश्चिम बंगालमधील एका तरुण कार्यकर्तीवर अत्याचार झाल्याचा गुन्हा नोंदविला गेला. या दोन घटना विरोधकांनी आंदोलन बदनाम करण्यासाठी वापरल्या, म्हणून समर्थकांनी त्यांवर शक्य तितके थोडे लिहिले. हे समजण्यासारखे आहे. समर्थनीय नाही. वस्ती उभी राहते तेव्हा वस्तीतील हिंसाही तिच्यासोबत येते, आणि दैनंदिन जीवनाचे चित्रण तिला वगळून पूर्ण होत नाही.

महाराष्ट्राचा या तळांशी असलेला संबंधही सरळ नाही. २१ डिसेंबर २०२० रोजी नाशिकहून किसान सभेचा वाहन जथा निघाला आणि २५ डिसेंबरला शाहजहानपूरच्या तळावर पोहोचला. मार्च २०१८ मध्ये नाशिक ते मुंबई सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या आणि दहावीच्या परीक्षार्थींची गैरसोय नको म्हणून शेवटची मजल रात्रीच मारणाऱ्या मोर्चाची परंपरा याच मंडळींची. त्यातील अनेक आदिवासी शेतकऱ्यांचा रोजचा प्रश्न किमान आधारभूत किमतीचा नसून वनजमिनीच्या पट्ट्याचा होता. अंगावर उत्तरेची थंडी झेलू शकतील असे कपडे नसताना ते टेम्पो आणि जीपमधून हजाराहून अधिक किलोमीटर गेले. याउलट, १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती देऊन जी चार सदस्यांची समिती नेमली, तिच्यात शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते आणि खुल्या बाजाराच्या बाजूने असलेल्या त्यांच्या परंपरेला कायद्यांतील बरेच काही मान्य होते. एकाच राज्यातील शेतकरी चळवळीच्या दोन धारा अशा दोन ठिकाणी उभ्या होत्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या वार्तांकनात, जे मराठीतही उपलब्ध आहे, शाहजहानपूरच्या आणि इतर तळांवरील माणसांच्या नावागावानिशी नोंदी आहेत. अंथरूण-पांघरूण, प्रवासाचा खर्च, बुडालेली मजुरी यांचा हिशेब त्यांत येतो. आंदोलनाच्या चित्रणाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला राजकीय भाष्यांपेक्षा हे हिशेब अधिक उपयोगी पडतील.

नोंद

दैनंदिन तपशिलाची नोंद हा केवळ वाङ्मयीन आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हे आंदोलनाच्या अखेरीस स्पष्ट झाले. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी कायदे मागे घेण्याची घोषणा केली, २९ नोव्हेंबरला संसदेने ते रद्द केले. त्यानंतर संसदेत आंदोलनकाळात मृत्यू पावलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना भरपाई देण्याविषयी प्रश्न विचारला गेला. कृषी मंत्रालयापाशी या बाबतची नोंद नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही, असे लेखी उत्तर मिळाले. संयुक्त किसान मोर्चाच्या म्हणण्यानुसार ७०० हून अधिक आंदोलक या काळात दगावले होते : थंडीने, हृदयविकाराने, रस्त्यावरील अपघातांत, काही आत्महत्येने. ही संख्या सांगता आली, कारण काही स्वयंसेवकांनी वर्षभर रोज नाव, गाव, वय आणि कारण अशी यादी केली होती. गोळीबारात पडलेल्या माणसाची नोंद करणे राज्यसंस्थेलाही भाग पडते. ट्रॉलीत झोपेत गेलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाचा मृत्यू आंदोलनातला मृत्यू आहे की नाही, हे मात्र ट्रॉलीतील झोप ही आंदोलनाचा भाग मानायची की नाही, यावरच ठरते. उत्कट क्षणांवर नजर ठेवणाऱ्या समीक्षेपाशी या प्रश्नाचे उत्तर नाही, आणि मंत्रालयाचे उत्तर त्याच नजरेतून आलेले होते.

या वर्षाचा पट मांडण्याचा लक्षणीय प्रयत्न निष्ठा जैन यांच्या ‘फार्मिंग द रेव्होल्यूशन’ या २०२४ च्या माहितीपटात आढळतो. टोरांटोच्या हॉट डॉक्स महोत्सवात त्याला सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. ऋतूंच्या क्रमाने आंदोलनाचे दीर्घपण पाहण्याची दृष्टी त्यात आहे. मराठीत अशी दीर्घ दृष्टी ठेवून लिहिलेले आंदोलनाच्या तळाचे पुस्तक विरळा. आत्मचरित्रांतून, कार्यकर्त्यांच्या आठवणींतून तुकडे सापडतात, पण बहुधा ते अटकेच्या किंवा विजयाच्या प्रकरणाकडे जाण्याच्या घाईत असतात.

११ डिसेंबर २०२१ रोजी तळ उठले. झोपड्यांचे बांबू सोडवून ट्रॉल्यांवर लादण्यात आले, रस्ते झाडण्यात आले, काही सामान आसपासच्या वस्त्यांतील गरिबांना देण्यात आले. वृत्तपत्रांनी परतीच्या ट्रॅक्टरांची, फुलांची आणि नाचणाऱ्या तरुणांची छायाचित्रे छापली. कुंडलीच्या कारखान्यांतील परप्रांतीय मजूर आणि सीमेलगतच्या झोपडपट्ट्यांतील मुले वर्षभर या लंगरांत दोन वेळा जेवत होती, आणि लंगर बंद झाल्यावर त्यांचे काय, अशी एखाद-दुसरी बातमीही त्या आठवड्यात आली. ही मुले आंदोलक नव्हती, शेतकरी नव्हती, कोणाच्या यादीत नव्हती. वर्षभर रोज त्यांच्यासाठीही पोळ्या लाटल्या गेल्या होत्या. किती, हे लाटणाऱ्यांना ठाऊक असेल.